खोक्यावरचे व्होल्ट, बॅटरीतलं काम

मुंबईत नागदेवीच्या गल्लीत किंवा पुण्यात बोहरी आळीत बॅटरीवर चालणारं ड्रिल मागितलं, की काउंटरवर पाच-सहा खोकी येऊन पडतात. एकावर १२ व्होल्ट, दुसऱ्यावर १८, तिसऱ्यावर २०, चौथ्यावर २१. ऑनलाइन शोधलं तर ४८, ८८, अगदी १२८ असे आकडे दिसू लागतात, आणि तेही नामवंत कंपनीच्या १८ व्होल्टच्या मशीनपेक्षा कितीतरी स्वस्तात. साहजिकच गिऱ्हाइकाला वाटतं, आकडा मोठा म्हणजे जोर मोठा. घरासाठी आणि अंगणासाठी बॅटरीची अवजारं घेताना सर्वांत जास्त पैसे याच समजुतीपायी वाया जातात. म्हणून सुरुवात आकड्यांपासूनच करायला हवी.

या बॅटरीच्या प्लास्टिकच्या कवचात लिथियम-आयनचे नळकांडीसारखे छोटे सेल असतात. सर्वांत रुळलेला सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. अलीकडे २१ मिलिमीटर व्यासाचा, ७० मिलिमीटर लांबीचा २१७०० हा थोरला सेलही वापरला जातो. दोन्हींचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, आणि नुकताच पूर्ण चार्ज झालेला असताना ४.२ व्होल्ट. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की झाले १८ व्होल्ट. तीच बॅटरी चार्जरवरून काढल्या काढल्या मोजली तर २०-२१ व्होल्ट दिसतात. म्हणजे १८, २० आणि २१ हे तीन वेगळे वर्ग नव्हेत. पाच सेलची एकच बॅटरी तीन तऱ्हांनी सांगितलेली आहे. डीवॉल्ट कंपनी युरोपात ज्या बॅटरीवर १८ लिहिते, तिच्यावरच अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापते. १२ व्होल्टच्या वर्गात तीन सेल असतात आणि त्यांचा खरा सरासरी दाब १०.८. ‘४० व्होल्ट मॅक्स’ म्हणजे दहा सेल, ३६ व्होल्ट.

मग ८८ आणि १२८ कुठून येतात? त्या आकड्यांपुढे बहुतेक वेळा व्होल्टच्या खुणेऐवजी ‘व्हीएफ’ अशी अक्षरं असतात. असं कोणतंही मापन अस्तित्वात नाही. अशी बॅटरी उघडली तर आत साधारणपणे तेच पाच सेल सापडतात, फार तर दहा.

खरा उपयोगाचा आकडा खोक्यावर ठळक नसतो. तो बॅटरीच्या तळाशी बारीक अक्षरात असतो: वॅट-अवर. व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणलं की तो मिळतो. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर; १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे ९०; १२च्या वर्गातली २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम २२. बॅटरीत साठलेलं काम किती, ते हा आकडा सांगतो. आता तो मशीनच्या भुकेशी ताडून पाहावा. विटेच्या भिंतीत छिद्र पाडताना ड्रिलनं ३०० वॅट खेचले आणि छिद्राला पंधरा सेकंद लागले, तर खर्च होतात सव्वा वॅट-अवर. छोट्या ३६च्या बॅटरीतही अशी पंचवीसेक छिद्रं निघतात. घरात एवढी छिद्रं वर्षभरात पडत नाहीत. उलट चार इंची ग्रायंडर लोखंड कापताना ६०० वॅट खेचत राहिला, तर ९०ची मोठी बॅटरी कागदावरच नऊ मिनिटांत संपते. प्रत्यक्षात ती त्याआधी तापते.

बॅटरीची निवड इथेच ठरते. जे काम थांबून थांबून चालतं, त्याला बॅटरी उत्तम. जे सलग चालतं, तिथे ती महाग पडते. मशीन कोणतं, कंपनी कोणती, हे प्रश्न त्यानंतरचे.

अँपिअर-अवर वाढले की नुसता वेळ वाढतो असंही नाही, जोरही वाढतो. पाच सेलच्या बॅटरीतून मशीननं ३० अँपिअर मागितले तर प्रत्येक सेलवर ३०चा भार येतो. १८ व्होल्टच्याच दहा सेलच्या बॅटरीत पाच-पाच सेलच्या दोन रांगा असतात, त्यामुळे प्रत्येकावर १५चाच भार पडतो. भार कमी म्हणजे दाब कमी खचतो आणि उष्णता कमी होते. तेच ग्रायंडर किंवा वर्तुळाकार करवत छोट्या बॅटरीवर धापा टाकते आणि मोठ्या बॅटरीवर सरळ चालते, त्याचं कारण हे. छोटी बॅटरी वाईट मात्र नाही. डोक्याच्या वर हात करून स्क्रू आवळताना तिचा हलकेपणा मोलाचा वाटतो. एक छोटी आणि एक मोठी अशी जोडी दोन सारख्या बॅटऱ्यांपेक्षा कधीही बरी.

थोडा इतिहास, कारण त्यातला एक गैरसमज अजून दुकानांत ऐकू येतो. बॅटरीच्या ड्रिलचा जन्म अंतराळ मोहिमांसाठी झाला असं अनेक ठिकाणी छापून येतं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरनं निकेल-कॅडमियम सेलवर चालणारं पहिलं ड्रिल १९६१मध्ये बाजारात आणलं. नासाची कामं त्यानंतर आली. १९७१च्या अपोलो १५ मोहिमेत चंद्राची जमीन खोदणाऱ्या ड्रिलच्या घडणीत याच कंपनीचा हात होता. त्या जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या तर हळूहळू तेवढ्याच पुरत्या उरत, म्हणून ‘पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नका’ हा सल्ला रुजला. लिथियमला तो लागू नाही, उलट घातक आहे. सोनीनं लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये बाजारात आणली. बॉशचा छोटा ३.६ व्होल्टचा स्क्रूड्रायव्हर २००३मध्ये तिच्यावर चालू लागला आणि २००५मध्ये मिलवॉकी आणि मकिता यांनी मोठी अवजारं लिथियमवर आणली. युरोपीय संघानं २०१६च्या अखेरीपासून अशा अवजारांतल्या निकेल-कॅडमियमला दारच बंद केलं. आज घेतलेल्या मशीनमध्ये लिथियमच असणार, तेव्हा बॅटरी अर्धी असतानाच चार्जरला लावायला हरकत नाही.

आता भिंतीकडे वळू. महाराष्ट्रातल्या घरात ड्रिलचा पहिला उपयोग भिंतीवर होतो आणि पहिला अपेक्षाभंगही तिथेच.

फोटोची फ्रेम, घड्याळ, किल्ल्यांचा स्टँड यांसाठी विटेच्या भिंतीत सहा मिलिमीटरचं छिद्र १२ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल सहज पाडतं. मग खिडकीवर पडद्याचा रॉड लावायची वेळ येते आणि तेच ड्रिल अर्ध्या इंचावर अडून बसतं. मशीन बिघडलेलं नसतं. खिडकीच्या लगेच वर लिंटेल असतो, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्यातून मिनिटाला हजारोंनी बारीक ठोके पडतात. मागून जितकं दाबाल तितकेच ते बसतात. रोटरी हॅमरमध्ये, ज्याला कारागीर नुसतं ‘हॅमर’ म्हणतात, हवेच्या दाबानं आतला दट्ट्या बिटच्या मागे आदळतो. ठोके कमी पण प्रत्येकात ताकद. १८ व्होल्टच्या हलक्या हॅमरचा ठोका दोन ज्यूलच्या आसपास असतो आणि काँक्रीटमधलं जे छिद्र पाडायला इम्पॅक्ट ड्रिलला दोन-तीन मिनिटं घाम गाळावा लागतो, ते तो काही सेकंदांत पाडतो. त्याचा बिटही वेगळा, खाचांचा, एसडीएस-प्लस पद्धतीचा. ही पद्धत बॉश आणि हिल्टी यांनी १९७०च्या दशकात आणली.

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या नव्या टोलेजंग इमारतींत हा प्रश्न आणखी टोकदार आहे. तिथे मायवान पद्धतीनं, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात, भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. अशा फ्लॅटमध्ये १२ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल घेणं म्हणजे पैसे टाकणं. एक तर १८ व्होल्टचा छोटा हॅमर घ्यावा, नाहीतर वर्षातून दोनदा लागणाऱ्या छिद्रांसाठी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. एएसी ब्लॉकच्या भिंतीत उलट प्रकार. तिथे ठोके बंद ठेवून साध्या फिरक्या चालीवर छिद्र पाडायचं, नाहीतर ब्लॉक भुसभुशीत होऊन छिद्र मोठं होतं आणि प्लग हातात येतो. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या चिऱ्याचंही तसंच: बिट लोण्यातून गेल्यासारखा जातो, पण चिरा सच्छिद्र असल्यानं छोटा प्लग पकड घेत नाही. तिथे लांब प्लग आणि जाड स्क्रू लागतो, जास्त जोराचं मशीन नव्हे.

फर्निचर जोडणं, बिजागऱ्या बदलणं, प्लायमध्ये स्क्रू बसवणं या कामांत १२ व्होल्टचं ड्रिल-ड्रायव्हर घरात सर्वांत जास्त वापरलं जातं. तीसेक न्यूटन-मीटरचा पीळ त्याला पुरतो. चकमागच्या कड्यावरचे एक ते वीसपर्यंतचे आकडे अनेक जण कधीच फिरवत नाहीत. ते क्लचचे आकडे आहेत. स्विचबोर्डच्या प्लास्टिकवर स्क्रू आवळताना तो तीन-चारवर ठेवला की स्क्रू बसताक्षणी पकड सुटते आणि प्लेट तडकत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे मशीन वेगळं. ते पिळासकट आडवे ठोके देतं, दीडशे न्यूटन-मीटरच्या वर जातं, लोखंडी पत्र्याच्या शेडवरचे स्क्रू आणि गंजलेले बोल्ट यांसाठी उत्तम. पण त्याचा आवाज कर्कश, आणि नाजूक कामात ते स्क्रूचं डोकं खातं. घरी एकच घ्यायचं तर ड्रिल-ड्रायव्हर.

मोटर कार्बनची की ब्रशलेस, हा प्रश्न दुकानदार आवर्जून काढतो. ब्रशलेस मोटर त्याच चार्जमध्ये जास्त काम करते, कमी तापते आणि तिला कार्बन बदलावे लागत नाहीत. ग्रायंडर, करवत, गवत कापायचं यंत्र यांत ब्रशलेससाठी जास्तीचे पैसे द्यावेत. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या ड्रिलमध्ये कार्बनची मोटर वर्षानुवर्षं चालते.

ग्रायंडरबद्दल मात्र सांभाळून लिहायला हवं. आपल्याकडे चार इंची ग्रायंडरवर लाकडाचं दातेरी पातं चढवून गार्ड काढून टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. बॅटरीच्या ग्रायंडरला वायर नाही, म्हणून तो जिन्यावर, झाडावर, पत्र्यावर नेला जातो आणि धोका वाढतो. दातेरी पातं लाकडात अडकलं की मशीन क्षणात हातातून उसळतं. लाकडासाठी छोटी वर्तुळाकार करवत किंवा जिगसॉ घ्यावी; ग्रायंडर लोखंड आणि दगडासाठी, गार्डसकट, डोळ्यांवर चष्मा लावून. गेटची एखादी सळई कापायला बॅटरीचा ग्रायंडर छान आहे. अख्खी ग्रिल बनवायची असेल तर वायरचा ग्रायंडर निम्म्याहून कमी पैशांत दिवसभर चालतो.

अंगणात आणि शेतात आलं की एक गोष्ट लक्षात येते: महाराष्ट्राच्या खेड्यांत बॅटरीचं अवजार ड्रिलच्या रूपात आलंच नाही, ते फवारणीच्या पंपाच्या रूपात आलं. पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप आज गावोगावी आहे. त्यातल्या अनेकांत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी असते. म्हणजे ९६ वॅट-अवर, वजन दोन किलोंहून जास्त. तेवढंच काम साठवणारी १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सहाशे-साडेसहाशे ग्रॅमची. पंपाची मोटर थोडीच वीज खाते, म्हणून इथे व्होल्टचा गाजावाजा न करताही काम भागतं. पंप बिघडतो तो दुसऱ्याच कारणानं. हंगाम संपल्यावर तो उतरलेल्या बॅटरीसकट गोठ्याच्या कोपऱ्यात पडतो. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि जूनमध्ये ती चार्जच घेत नाही. तिला पूर्ण भरून ठेवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरायचं. लिथियमला नेमकं उलट: ती साठवताना निम्म्याच्या आसपास भरलेली आणि थंड जागी असावी. पूर्ण भरून उन्हात ठेवली तर न वापरताही तिची क्षमता घटते. एकाच घरात दोन्ही प्रकार असतात आणि दोघींना एकच नियम लावला जातो, त्यात दरवर्षी बॅटऱ्या जातात.

गवताचा प्रश्न मोठा. पावसाळा सरता सरता कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढं गवत उभं असतं आणि पेट्रोलचे ग्रास कटर सगळीकडे घुमू लागतात. ३५ सीसीचं छोटं इंजिन साधारण एक किलोवॅट ताकद देतं. लिटरभर पेट्रोलमध्ये नऊ हजार वॅट-अवरच्या आसपास ऊर्जा असते. छोट्या इंजिनात तिची बहुतेक उष्णता होऊन जाते, तरी दीड हजार वॅट-अवर पात्यापर्यंत पोचतात. तेवढ्यासाठी १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या सोळा-सतरा बॅटऱ्या लागतील. एकरभर बागेत बॅटरीचा कटर घेऊन उतरणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा. पाठीवर वाहायच्या हजार वॅट-अवरच्या पुढच्या बॅटऱ्या ‘स्टील’ (Stihl) सारख्या कंपन्या बनवतात, पण त्यांची किंमत घरगुती वापराच्या आवाक्यापलीकडची. दोन-चार गुंठ्यांच्या परसात चित्र वेगळं आहे. तिथे ३६ व्होल्टचा, किंवा १८च्या दोन बॅटऱ्या एकदम घेणारा ट्रिमर नायलॉनच्या दोरीनं कुंपणाकडेचं गवत पंधरा-वीस मिनिटांत साफ करतो. तेल मिसळायला नको, दोरी ओढून सुरू करायला नको, शेजाऱ्याचं बाळ उठत नाही.

पेट्रोलच्या छोट्या इंजिनांचा धूर हलका समजू नये. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाच्या हिशेबानं पानं उडवायचा व्यावसायिक ब्लोअर तासभर चालवला, तर धुरकं करणारं प्रदूषण एखादी मोटार सुमारे ११०० मैल चालवल्याइतकं होतं. त्या राज्यानं २०२१मध्ये कायदा करून २०२४पासून अशा नव्या पेट्रोल यंत्रांच्या विक्रीला अटकाव केला. आपल्याकडे ग्रास कटरमागे दिवसभर चालणाऱ्या मजुराच्या नाकाशी तोच धूर असतो, याची मोजदाद कुणी करत नाही. मोठ्या बागेला आज पेट्रोलला पर्याय नसला, तरी त्या माणसाला कानाचं आणि नाकाचं संरक्षण देणं मालकाच्या हातात आहे.

बॅटरीनं खरी बाजी मारली आहे ती छाटणीत. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री चालते आणि माणसाची मनगटं भरून येतात. बॅटरीची कात्री बोटाच्या इशाऱ्यावर दोन-अडीच सेंटिमीटरची फांदी कापते. प्रत्येक कापाला क्षणभरच वीज लागते, म्हणून छोटी बॅटरीही तास-तास पुरते. थांबून थांबून चालणाऱ्या कामाचं याहून चांगलं उदाहरण नाही. तिचं पातं बोटाला लाकडापासून वेगळं ओळखत नाही, म्हणून दुसरा हात फांदीवर पात्यापासून वीतभर लांब हवा. चार इंची पट्टीची छोटी चेनसॉ मनगटाएवढ्या फांद्यांसाठी चांगली, पण स्वस्त प्रकारांत साखळीला ब्रेक नसतो आणि तेल हातानं सोडावं लागतं. तेल विसरलं की साखळी काही मिनिटांत निळी पडते. झाडावर चढून एका हातानं ती चालवू नये. आणि पानं उडवायचा ब्लोअर? तो पूर्ण जोरावर मोठी बॅटरीही दहा-पंधरा मिनिटांत रिकामी करतो. अंगणाला खराटा पुरतो.

एकदा कामं ठरली की कंपनीचा प्रश्न येतो, आणि तो मुळात बॅटरीच्या खाचेचा प्रश्न आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनमध्ये बसत नाही. इतकंच काय, एकाच कंपनीतही नेहमी बसत नाही. बॉशची हिरवी घरगुती १८ व्होल्टची बॅटरी निळ्या व्यावसायिक मशीनला चालत नाही. मकिताच्या जी मालिकेची १८ व्होल्टची बॅटरी एलएक्सटी मालिकेत बसत नाही, आणि भारतात जी मालिका स्वस्त म्हणून भरपूर खपते. डीवॉल्ट, स्टॅनले आणि ब्लॅक अँड डेकर एकाच छत्राखाली असले तरी त्यांच्या बॅटऱ्या अदलाबदल होत नाहीत. पहिलं ड्रिल घेतानाच पुढची चार मशीन ठरतात ती अशी. म्हणून पहिल्या खरेदीआधी त्या मालिकेत हॅमर, ट्रिमर, ग्रायंडर आणि मोठी बॅटरी भारतात मिळते का, तालुक्याच्या गावी किंवा निदान जिल्ह्याला सर्व्हिस सेंटर आहे का, हे पाहावं. ते असेल तर पुढची मशीन बॅटरीविना घेता येतात आणि बरेच पैसे वाचतात. मकिताच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी झेड असेल किंवा बॉशच्या खोक्यावर ‘सोलो’ लिहिलेलं असेल, तर आत बॅटरी-चार्जर नाही. ऑनलाइन किंमत पाहून हुरळणाऱ्यांनी हे अक्षर आधी शोधावं.

काही कंपन्यांनी भिंती पाडायला सुरुवात केली आहे. मेटाबोच्या पुढाकारानं २०१८मध्ये आणि बॉशच्या घरगुती विभागाच्या पुढाकारानं २०२०मध्ये निरनिराळ्या कंपन्यांनी एकच बॅटरी वापरण्याचे गट बांधले. आपल्या बाजारातली मोठी नावं मात्र एकमेकांच्या बॅटऱ्या अजून घेत नाहीत. मधल्या काळात एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या मशीनला जोडणारे अ‍ॅडाप्टर विकले जातात. बॅटरी आणि मशीन एकमेकांना तापमान आणि घसरता दाब कळवत असतात. अ‍ॅडाप्टरमधून फक्त वीज जाते, निरोप जात नाही. सेल मर्यादेखाली उतरला तरी मशीन चालूच राहतं आणि बॅटरी कायमची जाते.

बनावट बॅटरी ओळखायला वजनकाटा पुरतो. १८६५० सेल एकेकटा ४५ ते ५० ग्रॅमचा. दहा सेलची ५ अँपिअर-अवरची बॅटरी कवचासकट सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते. तशा दहा सेलच्या बॅटरीची हुबेहूब नक्कल चारशे ग्रॅम भरली, तर आत दहा सेल नाहीतच. दुसरी खूण भारतीय मानकाची: लिथियम बॅटरीवर आयएस १६०४६ आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. नक्कल बॅटऱ्यांत पुष्कळदा प्रत्येक सेलवर स्वतंत्र देखरेख करणारं सर्किट नसतं. एक सेल मागे पडला की चार्जर बाकीच्यांना जास्त भरत राहतो, आणि आगीचं मूळ तिथे असतं. चार्जिंग माणूस जागा असताना, फरशीवर, पडद्या-गादीपासून दूर करावं. अस्सल बॅटरीलाही हाच नियम.

अमेरिकेतून येणारे नातेवाईक हल्ली बॅगेत ड्रिलचा संच आणतात. बॅटरी आणि मशीन इथे चालतात, चार्जर मात्र बहुधा १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला की जळतो. बॅटरी तीच असेल तर इथला चार्जर घ्यावा. हमी सहसा त्या देशापुरती असते. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिनच्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-अवरपर्यंतच्या सहसा अडत नाहीत, त्यापुढे १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर पहिल्या मर्यादेत बसते, ६ बसत नाही. मशीन मात्र चेक-इनच्या सामानात.

आपल्या हवेत बॅटरीचा मुख्य शत्रू ऊन आहे. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी ४० ते ४५ अंशांची वरची मर्यादा सांगतात. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात सावलीतच तेवढं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये आणि गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. चार्जरचा दिवा लुकलुकत राहिला आणि चार्जिंग सुरूच झालं नाही, तर बऱ्याचदा तो बिघाड नसतो. बॅटरी गार होण्याची तो वाट पाहत असतो. तिथे चार्जिंग पहाटे करावं. कोकणात शत्रू बदलतो. दमट हवेत बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, जोर कमी वाटतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. कोरड्या फडक्यानं पट्ट्या पुसून बॅटरी मशीनमधून काढून डब्यात ठेवणं एवढाच त्यावर इलाज.

या सगळ्याचा खरेदीत अर्थ काय? विटेच्या भिंतींच्या फ्लॅटला १२ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल-ड्रायव्हर, दोन छोट्या बॅटऱ्यांसह. मायवानच्या फ्लॅटला १८ व्होल्टची मालिका आणि तिच्यातला हॅमर. अंगण किंवा दोन-चार गुंठे असतील तर १८ व्होल्टच, एक छोटी आणि एक ४-५ अँपिअर-अवरची बॅटरी, आणि ट्रिमर पुढच्या वर्षी बॅटरीविना. एकर-दोन एकरांची बाग असेल तर छाटणीची कात्री आणि पंप बॅटरीवर, ग्रायंडर वायरचा, आणि गवतासाठी यंत्रासकट रोजावर मिळणारा माणूस. वर्षातून चार दिवसांच्या कामासाठी स्वतःचं यंत्र बाळगण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

चार-पाच वर्षांनी बॅटरी थकते आणि नवी मशीनच्याच भावात पडते. मग गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून आतले सेल बदलून घेण्याचा मोह होतो. सेल अस्सल असतील, सगळे एकाच क्षमतेचे असतील आणि पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं जोडल्या असतील तर हे काम नीट होतं. सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवणारा कारागीर दिसला तर बॅटरी परत घ्यावी, कारण त्या उष्णतेनं सेलच्या आतलं सील बिघडतं. अगदी निकामी झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरीवरचं फुली मारलेल्या कचराकुंडीचं चिन्ह त्यासाठीच. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे, सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर द्यावी. सुक्या कचऱ्यात टाकली तर ती घंटागाडीतून कचरा दाबणाऱ्या ट्रकमध्ये जाते, आणि चिरडलेला लिथियम सेल तिथे, सफाई कामगारांच्या हाताशी, पेट घेतो.